बल्कांवासकट विकणे आहे

काही लोक वर्तमानपत्र हातात आलं की आधी राशिभविष्य उघडतात. काही निधनवार्ता चाळतात, आणि तिथे ओळखीचं कोणी नाही म्हटल्यावर थोडे निराश होऊन क्रिकेटकडे वळतात. मी घरांच्या जाहिराती वाचतो. घर घ्यायचं असतं असं नाही. आमचं घर घेऊन झालं, हप्ते फेडून झाले, आता सोसायटीत लिफ्ट बसते की त्याआधी आमचे गुडघे बसतात, एवढाच प्रश्न उरला आहे. पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला घर बघण्यात जो निर्भेळ आनंद मिळतो, तो पैसेवाल्याला कुठला मिळायला? त्याला भाव करायचा असतो, नळ सोडून बघायचे असतात, भिंतीवर टकटक करायची असते. आपल्याला नुसतं म्हणायचं असतं, "वा, काय उजेड आहे!"

जाहिरातींनाही घराणी असतात. मुंबईची जाहिरात स्टेशनपासूनचं अंतर सांगते आणि ते अंतर चालणारा माणूस धावपटू असावा असं गृहीत धरते. पुण्याची जाहिरात अटी सांगते. गोव्याची मात्र विशेषणांनी भरलेली असते. माझ्या हाती आलेली अशी होती: बार्देशातल्या शांत गावात, शंभराहून अधिक वर्षं जुना, संपूर्ण नूतनीकरण केलेला पोर्तुगीज व्हिला, पाच शयनगृहं, सहा स्नानगृहं, पोहण्याचं छोटं कुंड, भातशेतीचं दृश्य, मूळ बल्कांव जतन केलेला, संपूर्ण प्रायव्हसी, टायटल क्लिअर. खाली किंमत. तिच्यातली शून्यं मोजायला हिने माझ्याकडून चष्मा मागून घेतला आणि मोजून झाल्यावर परत दिला नाही.

त्या वर्षी आम्ही कुलदैवताला कवळ्याला जाणारच होतो. आमची शांतादुर्गा मूळची साष्टीतल्या केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडची देवळं पाडायला घेतली तेव्हा ती फोंड्याच्या बाजूला आली. मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. देवांवरच बिऱ्हाड बदलायची पाळी आलेल्या या प्रदेशात माणसांच्या घरांचं काय होतं ते बघायला हरकत नव्हती. ओटी भरून झाल्यावर मी दलालाला फोन लावला. दलाल हा शब्द आता कोणी वापरत नाही. तरुण मुलगा होता, 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' होता, आणि फोनवर माझा आवाज ऐकून त्याला मी निवृत्त उद्योगपती वाटलो असावा. मी तो समज दूर करण्याची घाई केली नाही.

घर खरोखरच देखणं होतं. उंच जोतं, रुंद पायऱ्या, कमानदार खिडक्यांची रांग, वर तांबड्या कौलांचं उतरतं छप्पर आणि छपराच्या टोकाला मातीचा कोंबडा. "सर, प्युअर पोर्तुगीज," मुलगा म्हणाला.

आता या शुद्धतेचा हिशेब मी मनातल्या मनात मांडू लागलो. मला ती खोड आहे. भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्याच जमिनीतून कापलेल्या. कौलं मंगळुरी, ती काढायची युक्ती बासेल मिशनच्या मिशनऱ्यांची, त्यांनी 1865 साली मंगळूरला पहिला कारखाना घातला. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात निळ्या नक्षीच्या चिनी बश्या, ज्या मकावच्या वाटेने गोव्यात येत. आरसा बेल्जियमचा. खुर्च्या शिसवी, गोव्याच्या सुतारांनी कोरलेल्या. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, ते शिंपले जुवारीच्या खाडीतले. बांधणारे गवंडी आसपासच्या गावांतले, आणि बांधून घेणारा मालक तर बहुधा इथलाच भाटकार, म्हणजे जमीनदार. पोर्तुगालहून आलेले अधिकारी आणि सैनिक मोजके, ते राहायचे शहरात आणि किल्ल्यांवर. बार्देश-साष्टीच्या गावांतली ही मोठी घरं धर्म बदललेल्या पण जात न विसरलेल्या स्थानिक बामण आणि चाड्डी, म्हणजे क्षत्रिय, कुटुंबांची. बांधायला लागलेला पैसा कधी नारळाचा, कधी भाताचा, कधी मुंबईचा आणि आफ्रिकेचा. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांच्या नावाने 'कूड' असत. त्या कुडीत ट्रंक टाकून, रांगेने झोपून, बोटीवर नोकरी लागायची वाट बघणाऱ्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींवर कित्येक घरांना मजले चढले. हा सगळा हिशेब केल्यावर पोर्तुगालच्या वाट्याला पियानो, आडनाव आणि वारसा कायदा एवढंच उरलं. त्यातला कायदा सगळ्यांत टिकाऊ निघाला, त्याच्याकडे येतो.

आधी नूतनीकरण. जुनं घर नवं करणं हा एक उद्योग आहे, आणि त्यात पहिला बळी जातो तो चुन्याचा. जांभा हा दगड सच्छिद्र. गोव्यात सालाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, तो थोडाफार भिंतीत मुरतोच. चुन्याचा गिलावा हे पाणी हळूहळू बाहेर सोडून देतो. सिमेंटचा गिलावा म्हणजे भिंतीला घातलेला प्लास्टिकचा रेनकोट. वरची सर अडते, आतला घाम आतच. मग दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात आणि मालक रंगाच्या कंपनीला शिव्या देतो. या घरात चुना राखला होता की नाही हे मी विचारलं. मुलाने फोनवर बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं, "सर, इटालियन मार्बल आहे."

कौलांचंही तसंच. पूर्वी पावसाच्या आधी कौलं परतायची, फुटकी काढायची, रिपा बघायच्या, वाळवी लागलेला वासा बदलायचा हा दरवर्षीचा कुळाचार होता. माणूस शिडी लावून वर चढे आणि खाली घरातली म्हातारी त्याला कुठे गळतं ते सांगे. तिला घराची एकेक गळती नातवंडांच्या नावासारखी पाठ असे. आता कौलांच्या खाली जलरोधक थर आहे, त्याखाली खोटं छत, आणि त्यात वातानुकूलन यंत्र. गळती बंद. उंच छताखाली गरम हवा वर जावी आणि माणसाने खाली गार बसावं ही जुनी सोयही बंद.

रंगाचं तर विचारूच नका. पोर्तुगीज अमदानीत घराला निखळ पांढरा रंग द्यायचा नाही, तो मान चर्चचा, असा दंडक होता असं गोव्यात सांगतात. म्हणून घरं निळी, पिवळी, काविरंगी, आणि पांढरी रेघ फक्त कमानींच्या कडेने. पणजीच्या फोंतेन्यस भागात हिंडलं की ही रंगपंचमी अजून दिसते. आमच्या समोरचं घर मात्र नखशिखान्त पांढरं होतं. चर्चशी स्पर्धा करायचा इरादा नसावा. फोटोत पांढरं चांगलं दिसतं, एवढंच.

तरी एक खोली त्यांनी तशीच ठेवली होती, आणि तिथे मी जरा जास्त रेंगाळलो. काच महाग आणि दुर्मीळ असण्याच्या काळात खिडकीला शिंपले लावत. चपटे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांतून एकावर एक सरकवायचे. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही. एप्रिलचं ऊन आत येतं ते दूध होऊन येतं. या शिंपल्याला आता कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा जुनं तावदान फुटलं की त्या चौकोनात काच येते आणि दुधात तेवढा पाण्याचा भाग पडतो. ही म्हणाली, "पडदे धुवायला नकोत, केवढी सोय!" आमच्या घरात सौंदर्यदृष्टी अशी वाटून घेतलेली आहे.

सहा स्नानगृहांपुढे मात्र मी नम्र झालो. ज्यांनी जुना गोवा पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की या ऐतिहासिक घरांची एक ऐतिहासिक व्यवस्था जाहिरातीत कधीच येत नाही. परसात, घरापासून अंतर राखून, उंचावर बांधलेलं एक छोटं दालन असे, आणि त्याखाली स्वच्छतेचं काम डुकरांकडे सोपवलेलं असे. बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या दिवशी सकाळी तिथे जो स्वागताचा आवाज ऐकू येई, त्याने त्याचं पुढचं सारं राहणं झाकोळून जाई. वारसा जतन करायचा म्हणणारे लोक या बाबतीत एकमताने पुरोगामी झाले आहेत आणि मीही त्यांच्याच बाजूला आहे. जिथे व्यवस्था होती त्याच्या आसपास कुठेतरी आता ते पोहण्याचं कुंड आहे. मी मुलाला काही बोललो नाही. ही म्हणाली, "पाणी किती निळं आहे!" मी तिलाही काही बोललो नाही.

आणि मग 'टायटल क्लिअर'.

हे दोन शब्द गोव्यात सहज उच्चारायचे नसतात. पोर्तुगालचा 1867चा दिवाणी कायदा 1870 पासून गोव्यात लागू झाला. पोर्तुगालने स्वतः 1960च्या दशकात नवा कायदा करून तो मोडीत काढला. गोव्याने 1961च्या 19 डिसेंबरला पोर्तुगीजांना निरोप दिला, कायदा मात्र ठेवून घेतला. वारसाहक्काची कलमं पुढे राज्याच्या 2012च्या कायद्यात नव्याने मांडली गेली, तरी गाभा जुनाच. म्हणजे सून सासूला कंटाळून माहेरी निघून गेली, आणि सासू सुनेच्या संदुकीतल्या साड्या मात्र कौतुकाने नेसत राहिली.

या कायद्यात मुलगा-मुलगी भेद नाही; महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने उभं करायला 1994 साल उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं की त्या जुन्या कायद्याला हात जोडावेसे वाटतात. मृत्युपत्राने फार तर निम्मी मिळकत मनाला येईल त्याला देता येते; उरलेली निम्मी वारसांचीच. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. तेव्हा घर विकायचं तर मुलगा, मुलगी, सून आणि जावई, सगळ्यांच्या सह्या हव्यात.

आता कल्पना करा. आजोबांना सहा मुलं. एक बोटीवर गेला, एक कराचीला. एक नैरोबीत रेल्वेच्या कचेरीत कारकून झाला. एक कंपालात स्थिरावला, 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा दोन बॅगा घेऊन टोरंटोला गेला. एक मुलगी लग्न होऊन लिस्बनला. धाकटी घर सांभाळत राहिली. त्यांची मुलं, त्या मुलांची लग्नं, त्या लग्नांची मुलं. गोवा मुक्त होण्यापूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या पासपोर्टावर नातवंडं इंग्लंडात गेली आणि स्विंडन नावाच्या गावात पावाच्या कारखान्यातल्या नाहीतर गोदामातल्या पाळ्या करू लागली. तिसऱ्या पिढीपर्यंत सह्या करणाऱ्यांची यादी लग्नाच्या हॉलमध्ये मावणार नाही इतकी होते. आपल्याकडे जावयाला दिवाळसणाला बोलावलं नाही तर तो रुसतो. तिथे तो रुसला तर घर विकलं जात नाही. एखाद्या चुलत जावयाची सही मिळवायला टोरंटोत वकील गाठावा लागतो, आणि तो जावई म्हणतो, माझ्या लग्नात तुम्ही आला नव्हता.

सह्या गोळा होईपर्यंत घर थांबत नाही. फणसाच्या फांदीने कौलं ढकलली जातात, मुळं भिंतीत शिरतात, पियानोच्या पट्ट्यांखाली उंदरांचा संसार थाटतो. आणि जिथे सह्या मिळत नाहीत तिथे त्या करून देणारे भेटतात. परदेशी गेलेल्यांच्या जमिनी जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांच्या नावाने बनावट कागद करून परस्पर विकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की 2022 साली सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावं लागलं. या घराचे कागद मात्र चोख होते असं मुलगा म्हणाला. किती सह्या लागल्या विचारलं, तर त्याने पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला. "सर, त्यात माझ्या बॉसची दाढी पिकली."

घरं ओस पडायला सह्या हेच एक कारण नव्हे. या दिवाणखान्यातली झुंबरं ज्या पैशावर लटकली तो कुळांच्या घामाचा होता. मुक्तीनंतर मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात 1964चा कुळ कायदा आला, 1976च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली, आणि त्याच सुमाराला 1975च्या कायद्याने मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत झोपडं बांधून राहणाऱ्याला, तिथून कोणी उठवू शकणार नाही असं झालं. न्याय्य झालं. पण पंचवीस खिडक्यांच्या घराला तेल-पाणी करायला जे हात लागत ते आता आपापल्या शेतात गेले, आणि भाटकाराच्या मुलाला एकट्याने खिडक्या पुसायची सवय नव्हती. तो पासपोर्ट काढायला गेला. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल' सिनेमात असं घर सर्वांनी पाहिलं आहे. लोटलीचं, मारियो मिरांडांच्या कुटुंबाचं. 1961च्या उंबरठ्यावरचा तो काळ. सिनेमा 1985चा, आणि तेव्हाच त्या घराकडे मागे वळून बघण्याची वेळ झालेली होती.

काही घरं टिकली आहेत. चांदरचं ब्रागांझांचं घर एकाच कुळाच्या दोन शाखांनी मधोमध वाटून घेतलं आहे. एका बाजूला जुनं ग्रंथालय, दुसऱ्या बाजूला खासगी चॅपेल, आणि प्रवासी दोन्हीकडे वेगवेगळी देणगी ठेवून बाहेर पडतात. भाऊबंदकी इतकी शिस्तीत नांदताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. केप्याचा 'पालासिओ दो देआंव' एका दांपत्याने निगुतीने पुन्हा उभा केला. तोर्ड्याला जेरार्ड द कुन्हा या वास्तुविशारदाने गोव्याच्या घरांचं एक संग्रहालयच बांधलं आहे, जहाजाच्या आकाराचं. तेव्हा विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिल्ली-मुंबईचा पैसा आला नसता तर यातली बरीच घरं आज जमिनीवर असती, म्हणजे आडवी. माझा आक्षेप संगमरवराला नाही, वातानुकूलनालाही नाही. माझा आक्षेप बांबूला आहे.

बांबू कुठून आला ते सांगतो. त्यासाठी बल्कांव समजून घ्यायला हवा. पुढच्या पायऱ्या चढून गेलं की दारासमोर छपराखालची एक ऐसपैस जागा, दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेले बाक, आणि तोंड थेट रस्त्याकडे. गोव्यातलं जुनं हिंदू घर आत बघतं. मधोमध राजांगण, त्यात तुळस, भोवती सोपे. बाहेरच्याला फक्त भिंत दिसते. क्रिस्ती घरांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तोंड फिरवलं आणि ती रस्त्याकडे बघू लागली. पुढे फोंड्यातल्या हिंदू घरांनाही बल्कांव फुटले, कारण बघणं ही काही एका धर्माची मिरास नाही.

सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत यायचा, मागून मासेवाली, मग पोस्टमन, मग पाद्री. प्रत्येकाला बल्कांवावरून एकेक वाक्य. संध्याकाळी तर बघायलाच नको. कोणाची मुलगी कोणाबरोबर घुमटीपर्यंत चालत गेली, कोणाचा दुबईचा पैसा थांबला, कोणाच्या घरी किती वाजता दिवा लागला. मारियो मिरांडांच्या चित्रांतली ती भरघोस बायका-माणसं, कुत्री, पाद्री आणि ग्लास हातात घेतलेला वाकडा माणूस यांना एकमेकांवर कोंबायला हीच जागा लागे. घराची श्रीमंती झुंबरात असेल, घराची वट बल्कांवात. गावातल्या कोणालाही या पायऱ्यांवर चार मिनिटं टेकायचा अघोषित हक्क होता. मुंडकाराला आत दिवाणखान्यात प्रवेश नसे, पण पायरी त्याचीही होती. समता म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. नजरेला नजर मात्र मिळत असे.

आता जाहिरातीत 'मूळ बल्कांव जतन केलेला' आणि 'संपूर्ण प्रायव्हसी' हे एकाच ओळीत होतं. दोन्ही खरं होतं. बल्कांव जसाच्या तसा होता, बाक नव्याने घोटलेले, त्यांवर गाद्या. समोर आठेक फूट उंच गडगा, गडग्याच्या आत दाट बांबू, आणि फाटक रिमोटवर चालणारं. बल्कांवात बसलं की बांबू दिसे. एका बाकावर बुद्धाचं मोठं दगडी मस्तक ठेवलेलं होतं. डोळे मिटलेले. त्या जागेचा तो पहिलाच रहिवासी असावा ज्याला समोरून कोण गेलं याचं काही पडलेलं नव्हतं.

"इथे संध्याकाळी कोणी बसतं?" मी विचारलं.

"सर, कोण डिस्टर्ब करणार नाही, गॅरंटी," मुलगा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. या किमतीला घर घेणारा माणूस डिस्टर्ब न होण्यासाठीच पैसे मोजतो. दिल्लीच्या धुरातून आणि मुंबईच्या शेजारातून सुटून तो येतो, त्याला गाव बघायचं असतं पण गावाने त्याला बघायला नको असतं. भातशेतीचं दृश्य त्याला हवं असतं. भात लावणाऱ्यांनी वर मान करून 'कोण रे हा' म्हणावं हे नको असतं. त्याला दोष कसा देऊ? आम्हीही सोसायटीत दाराला भिंग बसवलंय, आणि बेल वाजली की आधी त्यातून बघतो आणि मग ठरवतो घरात आहोत की नाही.

बाहेर पडताना फाटकाच्या उजव्या अंगाला, बांबूच्या रांगेला वळसा घालायला लावणारं एक बुटकं घर दिसलं. दोन खोल्या, निळा रंग, दाराशी वीतभर ओटा आणि त्यावर बाकासारखा एक चिरा. "तो पीस यात येत नाही, सर," मुलगा जरा घाईने म्हणाला. "मुंडकाराचं आहे. त्यांच्या नावावर झालंय. बॉसने खूप ट्राय केला." ओट्यावर फ्रॉकमधली एक म्हातारी बसली होती, मांडीवर सुपात लाल मिरच्या. सगळ्या गावात रस्त्याकडे तोंड करून बसलेली तेवढी एकच दिसली.

"घर घेतात?" तिने आम्हाला हाक मारून विचारलं.

"नाही हो आंटी, नुसतं बघायला आलो," ही म्हणाली. मुलगा गाडीपाशी होता म्हणून बरं.

"पळोवंक आयल्यात? मागीर बसात. घेवपी बसनात."

तिने सूप बाजूला सरकवलं. आम्ही त्या चिऱ्यावर टेकलो. तिने मोठ्या घरातल्या कोणत्या बाईचा पाय कोणत्या पायरीवरून घसरला होता, पियानो कोणत्या साली मुका झाला, सह्यांसाठी आलेला आफ्रिकेचा नातू कसा तिच्याकडेच जेवला आणि दारूच्या भरात कोणाकोणाला रडून नावं ठेवली, हे सगळं कोंकणीत सांगितलं. आम्हाला बहुतेक कळलं. मग तिने सूत्रं उलटी फिरवली. कुठले, किती मुलं, मुलगी कुठे दिली, जावई काय करतो. मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला. "येतो रे बाबा," ही त्याच्याकडे न बघता म्हणाली. आमच्या जावयाचा पगार हिने आजवर स्वतःच्या सख्ख्या बहिणीला सांगितलेला नाही. म्हातारीला सांगितला, वर त्यातून घराचा हप्ता किती जातो तेही.